पहिलं मागणं

"साहेब, आधी दुसरं काहीतरी मागा," कासमी म्हणाला. "शहाळं मागा, कोंबडी मागा. मग झाडाचं बघू."

"मला शहाळं नको आणि कोंबडीही नको," मी म्हणालो. "मला ते झाड आडवं झालेलं हवंय. बाईंचं घर दाखव."

"बरं, निदान दारात गेल्यावर प्यायला पाणी तरी मागा."

"माझ्या बाटलीत पाणी आहे."

कासमीनं कपाळावर हात मारला आणि पुढं चालू लागला. तेव्हाच त्याला थांबवून विचारलं असतं, की बाबा रे, तुझं म्हणणं तरी काय आहे, तर पुढं नऊ माणसांचा जीव टांगणीला लागला नसता. पण विचारील तो मी कसला! अठ्ठावीस वर्षांचं वय, नवीकोरी सरकारी नोकरी आणि डोकं भूम तालुक्यातलं. एकदा म्हटलं झाड, की झाड.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. बेटाचं नाव वेल्लाडी. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. अरबी समुद्रात दीड मैल लांबीची वाळूची पट्टी आणि रुंदी इतकी, की एका किनाऱ्यावर विडी पेटवावी आणि ती संपायच्या आत दुसऱ्या किनाऱ्यावर पोचावं. सातशे माणसं आणि मोजता येणार नाहीत इतके माड. बेटाभोवती पाण्याखाली खडकाचं कडं होतं. कड्याच्या आत पाणी तळ्यासारखं शांत आणि बाहेर खरा समुद्र. आमच्या खात्याला तिथं हवामानाचं ठाणं उघडायचं होतं. त्या ठाण्याचा साहेब मी, कारकून मी आणि हमालही मीच. मदतीला हा कासमी. बेटावरचाच, पन्नाशीचा, अंगानं काटकुळा. लोक मला काट्टुमास्टर म्हणायचे, म्हणजे वाऱ्याचा मास्तर.

येऊन अकरा दिवस झाले होते आणि मी कुणाकडं कशाला म्हणून हात पसरला नव्हता. आमच्या आईची शिकवणच तशी. "उपाशी नीज, पण शेजाऱ्याकडं मीठ मागू नको," म्हणायची. म्हणून मी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, स्टो, इतकंच काय, विहिरीची बादली आणि दोरही घरून नेला होता. येता-जाता बायका दारातून विचारायच्या, "मास्टर, काय हवं?" मी म्हणायचो, "काही नको." मला वाटायचं, काय कौतुक करत असतील माझं! आणि त्यांचे चेहरे मात्र दिवसेंदिवस काळजीत पडत होते.

आता झाडाचं सांगतो. वारा मोजायचा तर आसपास उंच अडथळा नको, असा आमचा नियम. अडथळ्याच्या उंचीच्या दसपट तरी अंतर हवं. दसपट धरलं तर मला समुद्रातच ठाणं मांडावं लागलं असतं. पण सगळ्या बेटावर पश्चिम किनाऱ्याजवळ एकच मोकळी जागा होती. समोर थेट समुद्र दिसायचा. त्या जागेत एकच माड, पण जुना आणि प्रचंड उंच. खाली पाण्याच्या काठाला दुसरा एक ठेंगणा माड होता, त्याच्या खोडाला चुन्याचे पट्टे मारलेले. मला वाटलं, सणासुदीला रंगवलं असेल. जिथं वीतभर जमीन मिळाली तिथं लोकांनी माड लावलेला, त्या बेटावर एवढी जागा मोकळी का ठेवली असेल, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

उंच माड सारोम्माबींचा होता. तिथं घर आणि झाडं बायकांच्या नावावर असतात. आईकडून मुलीकडं जातात. सारोम्माबी साठीच्या. नवरा बोटीवर खलाशी होता तेव्हा तीन वर्षं मुंबईला डोंगरीत राहिलेल्या, त्यामुळं हिंदी चांगलं यायचं आणि भांडण्यापुरतं मराठीही यायचं. नवरा समुद्रातच गेला. पोटी एकच मुलगा, मुथुकोया. बेटावरच्या मोठ्या होडीचं सुकाणू त्याच्या हातात असायचं.

आम्ही गेलो तेव्हा सारोम्माबी ओट्यावर काथ्या वळत बसल्या होत्या आणि मुथुकोया खाली जाळं दुरुस्त करत होता.

"ये, मोने," त्या म्हणाल्या. मोने म्हणजे लेकरा. "बस. बोल, काय हवं?"

"उम्मा, झाड हवंय."

उम्मा म्हणजे आई. सगळेच त्यांना उम्मा म्हणत, म्हणून मीही म्हणालो. त्यांचे हात थांबले.

"कुठलं झाड?"

"मोकळ्या जागेतला उंच माड. तोडावा लागेल. वाऱ्याचं यंत्र बसवायचंय."

मुथुकोया ताडकन उठला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी तडतड बोलला. सारोम्माबींनी नुसतं बोट वर केलं. तो गप्प झाला, पण बसला नाही. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. कासमी माझ्या मागं उभा राहून वाळूकडं बघत होता.

"तू अजून कुणाकडं काही मागितलंस का?" सारोम्माबींनी विचारलं.

"छे! मी कुणाला त्रास देत नाही."

"म्हणजे हेच पहिलं."

"हो."

"दुसरं काही नको? हेच?"

"हेच."

त्यांनी काथ्या बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "घे."

बस्स. एवढंच. ना अर्ज, ना घासाघीस. परत येताना मी कासमीला म्हणालो, "बघितलंस? उगाच घाबरत होतास." तो झपाझप पुढं निघून गेला.

शुक्रवारची नमाज झाल्यावर झाड पाडलं. मुथुकोयाच वर चढला आणि त्यानंच शेंडा उतरवला. सारं गाव जमलं होतं, पण चकार शब्द नाही. खोड पडलं तेव्हा एक म्हातारी पुढं झाली, खोडावर तळवा ठेवून उभी राहिली आणि निघून गेली. मला वाटलं, माया असते माणसाला झाडाची, आमच्याकडं नाही का चिंचेची असते! शेंड्यातला कोवळा पांढरा गाभा त्यांनी घरोघर वाटला. सगळ्यात मोठा वाटा मला आला. मी तो चटणीबरोबर चवीनं खाल्ला. आज आठवलं की लाज वाटते.

खरं सांगू का, त्यानंतर माझे दिवस फार मजेत गेले. एकदा मागायची भीड चेपली आणि मी हे माग, ते माग करू लागलो. पोहायला शिकव म्हटलं, शिकवलं. मासे भाजायला शिकव म्हटलं, शिकवलं. मी माळकऱ्याचा पोरगा, पण तिथं ज्वारी संपल्यावर काय खाणार? आणि काय माणसं होती ती! होडी भरून टुना मासा आला की पहिला वाटा ज्या घरात पुरुष नाही त्या घराला, दुसरा आजाऱ्याच्या घराला आणि मग बाकीच्यांना. सुकाणूवाल्याला सगळ्यात शेवटी. कुणी होडी ओढायची हाक दिली की हातातला घास टाकून माणसं यायची. बायका दिवसभर काथ्या वळायच्या, त्यांच्या तळहातांना आमच्या नांगरधऱ्यासारखे घट्टे. कुणाच्या दाराला कुलूप मी बघितलं नाही. नाही म्हणायला मुथुकोया माझ्याशी बोलायचा नाही. समोरून आला की वाट बदलायचा. मी म्हटलं, स्वभाव असतो एकेकाचा.

माझं यंत्रही उभं राहिलं. तेहतीस फुटी लोखंडी खांब, चार बाजूंनी तारांनी ताणलेला, वर वाऱ्याच्या वाट्या गरगर फिरताहेत. माडाचा बुंधा गुडघाभर उंच शिल्लक होता, यंत्रापासून वीसेक पावलांवर. तो खणून काढायचा होता, पण आज करू उद्या करू म्हणता राहून गेला. दैव म्हणतात ते हेच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला वादळ उठलं. तसं ते दिवस वादळाचे नव्हते. पावसाळी वारं तिथं मेअखेर येतं. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. पण त्या दिवशी पश्चिमेला काळी भिंत उभी राहिली आणि बघता बघता अंगावर आली. माझ्या वाट्या दिसेनाशा झाल्या इतक्या फिरायला लागल्या. मी आनंदानं नाचायचा बाकी होतो. असा वारा निरीक्षकाला जन्मात एकदा सापडतो. यंत्राच्या कागदावर पेन वर वर चढत होतं आणि मी उघड्यावर त्या यंत्राच्याच कपाटाला धरून उभा होतो.

तेवढ्यात सारोम्माबी आल्या. डोक्यापासून पायापर्यंत चिंब. मागं पंधरावीस बायका, काही म्हातारे पुरुष आणि कासमी. सगळ्यांच्या खांद्यावर काथ्याचे दोर.

"मास्टर, तुझा खांब दे."

"काय?"

"हा लोखंडी खांब. आत्ता दे."

"उम्मा, काहीतरीच काय! हे सरकारी यंत्र आहे. अडीचचं निरीक्षण घ्यायचंय मला. असा वारा पुन्हा मिळायचा नाही. आणि कशाला हवाय तुम्हाला खांब?"

त्या दोन पावलं पुढं आल्या. पाऊस इतका, की ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. पण त्या ओरडल्या नाहीत.

"तू झाड मागितलंस तेव्हा मी 'कशाला' म्हणून विचारलं होतं का?"

शेवटी कासमीलाच राहवलं नाही. दोन महिने ओठ शिवून बसलेला माणूस, त्यानं माझं मनगट धरलं आणि मला फरफटत किनाऱ्याकडं नेलं.

"ते बघा! ती होडी बघा! मुथुकोया आहे त्यात आणि आणखी आठ जणं!"

कड्याच्या बाहेर पांढऱ्या फेसात एक काळा ठिपका वर येत होता आणि गडप होत होता.

"आत का येत नाहीत मग?"

"कुठून येणार? कड्यात एकच फट आहे, दोन होड्या जेमतेम जातील एवढी. उन्हात ती हिरवी दिसते. आज सगळीकडं फेस, काय कळणार? असल्या हवेत आमची होडी दोन माडांवर यायची. थोरली बहीण आणि धाकटी बहीण. ही पट्टेवाली धाकटी. थोरली मागं, वर, मोकळ्या जागेत. धाकटी बरोबर थोरलीच्या पुढं आली, दोघींचं खोड एक झालं, की समोर फट. तीच रेघ धरून आत यायचं. माझ्या बापाच्या बापानंही तसंच केलं."

"आणि थोरली कुठं आहे?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं. आईशपथ सांगतो, पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

होडी कड्याकडं आली, फेसापर्यंत आली आणि वळून पुन्हा बाहेर गेली. कासमी म्हणाला, "तिसरी खेप आहे. वारा त्यांना खडकावर ढकलतोय. किती वेळ वळत राहतील?"

मी धावत सुटलो. कागद, पेन, निरीक्षण, सगळं गेलं खड्ड्यात. पाना घेतला आणि खांबाच्या तारा सोडायला लागलो. वाट्या उतरवायलाही थांबलो नाही. खांब आडवा झाला तेव्हा त्यांचा चुरा झाला. बायकांनी खांब उचलला तो असा, की जणू लाटणं उचललं. बुंध्याशी नेला. कासमीनं टुना पकडायची लांब काठी आणली होती, ती शेंड्याला बांधली.

"पांढरं काही हवं!" तो ओरडला. "पांढरं नसेल तर ह्या पावसात दिसायचं नाही!"

सगळ्यांच्याच अंगावर रंगीत कपडे. मी खोलीत पळालो. ट्रंकेत वडिलांचं धोतर होतं, चतुर्थीच्या पूजेसाठी आईनं मुद्दाम दिलेलं, नऊ हात, शुभ्र. तेच आणलं आणि काठीला घट्ट गाठ मारली.

आता तो खांब उभा करायचा. वाऱ्याचा एक झोत ओसरला आणि दुसरा यायच्या आत सारोम्माबींनी हाक दिली. होडी ओढायची हाक. सगळ्यांनी एका सुरात ओ दिली आणि खांब उठला. त्याचं बूड माडाच्या बुंध्याला टेकवून काथ्यानं करकचून आवळलं. चारी बाजूंना चार दोर आणि एकेका दोराला सहा सहा माणसं. पुढचा झोत आला आणि खांब असा काही झुकला, की मला वाटलं संपलं. पण दोर सुटला नाही. माझ्या पुढं एक पोक्त बाई होती. दोरानं तिच्या तळव्याचं कातडं निघत होतं आणि ती मला सांगत होती, "मास्टर, पाय रोव. पाय!"

सारोम्माबी खांबाला पाठ लावून उभ्या होत्या, तोंड समुद्राकडं. समोर धाकटी, मागं आपण, अशी नजरेनं रेघ मारत होत्या. "उत्तरेचा दोर ओढा! बास! दक्षिणेचा सैल!" पोटचा एकुलता एक पोरगा त्या फेसात, आणि ह्या बाईचा आवाज जराही कापला नाही. मी मात्र रडत होतो. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही, पण रडत होतो, हे खोटं कशाला बोलू?

होडी चौथ्यांदा आली. पुन्हा वळणार असं वाटलं आणि वळली नाही. उत्तरेला सरकली, थोडी अजून सरकली आणि थांबल्यासारखी झाली.

"दिसलं त्याला," सारोम्माबी म्हणाल्या. "रेघ धरतोय. कुणी सोडू नका."

मग होडीचं नाक सरळ आमच्याकडं झालं. एक मोठी लाट तिच्या मागून उठली, होडी लाटेवर चढली आणि फेसात पार दिसेनाशी झाली. मी मनात तुळजाभवानीला हाक मारत होतो. शेजारचा म्हातारा त्याच्या अल्लाला. आणि होडी बाहेर आली. कड्याच्या आतल्या बाजूला, शांत पाण्यात.

कुणी ओरडलं, कुणी दोर सोडणार, तेवढ्यात सारोम्माबी कडाडल्या, "सोडू नका! नऊ मोजून घ्या आधी!"

होडी वाळूला लागली. माणसं उतरली. कासमी किनाऱ्यावरून बोटं वर करत ओरडत होता, एक, दोन, तीन. नऊ झाले तेव्हा सारोम्माबी खांबापासून सुटून खाली बसल्या. गुडघ्यांत डोकं घालून एवढंसं रडल्या. मग उठल्या, थेट माझ्याकडं आल्या आणि माझ्या पाठीत असा काही रट्टा घातला, की मी दोन पावलं पुढं गेलो.

"गाढवा!" हे मराठीत. डोंगरीचं मराठी. "अकरा दिवस काही मागितलं नाहीस. एक पेला पाणी मागायला तुझं काय जात होतं?"

"आणि तुम्ही?" मीही ओरडलो, मला आता स्वतःचाच भयंकर संताप आला होता. "तुम्हाला तोंड नव्हतं? एक शब्द बोलायचा होता! नाही म्हणायचं होतं! माझ्यासारख्या उपटसुंभासाठी नऊ माणसं घालवणार होता?"

"पहिल्या मागण्याला नाही म्हणत नाहीत."

"कोण म्हणत नाही?"

"आम्ही. वेल्लाडीची माणसं." त्या बुंध्याच्या कडेला बसल्या आणि मलाही हाताला धरून बसवलं. "ऐक. माझ्या आजीच्या आजीच्या वेळी ह्याच कड्यावर एक जहाज फुटलं. एकच माणूस जिवंत आला. कुठला, कोण, कुणाला भाषा कळेना. त्यानं एका दारात उभं राहून खुणेनं विचारलं, ह्या होडीच्या छपराखाली निजू का? ते साल रोगराईचं होतं. घरच्यांनी हातानं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी लाज वाटून लोकांनी त्याला अन्न नेऊन दिलं, चटई दिली. त्यानं घेतलं. पण पुन्हा त्यानं कधी काही मागितलं नाही. उत्तर टोकाला झाडाखाली राहायचा. पावसाळ्यात तापानं पडला. सगळ्यात जवळचं घर शंभर पावलांवर. एक हाक मारली असती तर पाच माणसं धावली असती. मारली नाही. एकदा नाही ऐकलं होतं ना! चौथ्या दिवशी सापडला. मशिदीच्या मागं त्याची कबर आहे, नाव नाही तिला. तेव्हापासून ठरलं, की परका माणूस पहिल्यांदा जे मागेल ते द्यायचं. पहिल्यांदा मिळालं की तो दुसऱ्यांदा मागतो. मागत राहिला की जगतो."

"पण झाड, उम्मा! थोरली!"

"कासमीनं किती धडपड केली, तू कोंबडी माग म्हणून! आणि दिल्यावर तिची किंमत तुला सांगायची कशी? सांगितलं म्हणजे परत मागितलंच की. आम्ही म्हटलं, आता होड्या वर ओढायचे दिवस येतील. पावसाळ्याच्या चार महिन्यांत काहीतरी युक्ती काढू." त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. "वादळ आधी आलं. आमचं चुकलं. तुझं एकट्याचं नाही."

असं म्हणणारी माणसं मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही फार नाही बघितली. दोन महिने सातशे माणसांना माहीत होतं, की ह्या पोरानं आपला घात केलाय. पण कुणी एक वाकडा शब्द मला ऐकवला नाही. उलट मासे भाजायला शिकवलं.

मुथुकोया वर आला. ओठ निळे पडलेले, अंगातून पाणी गळत होतं. माझ्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदाच बोलला.

"मास्टर, मला तुझा फार राग होता. अजून आहे."

"असू दे," मी म्हणालो. "मलाही आहे."

त्यानं वर बघितलं. वडिलांच्या धोतराच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. "ते काय आहे वर?"

"धोतर आहे. माझ्या बापाचं."

मुथुकोया हसला. आधी नुसताच, मग पोट धरून, आणि मग त्या थंडीत आणि पावसात सगळा किनाराच हसत सुटला.

त्या दिवशी दुपारी दोनपासूनचा माझा कागद कोरा आहे. कचेरीला मी खरं तेच लिहिलं, की खांब होडीसाठी काढून दिला. खुलासा मागवणारं पत्र आलं, त्याला खुलासा दिला, मग त्या खुलाशावर खुलासा मागवला. चालायचंच. खांब मात्र बुंध्यावरच ठेवायचा हे मी ठरवून टाकलं होतं. म्हणजे माझ्या बाकीच्या यंत्रांना दुसरी जागा हवी. आठ दिवसांनी मी सारोम्माबींकडं गेलो. त्या ओट्यावर काथ्या वळत होत्या.

"उम्मा, तुमच्या घरामागची मोकळी जागा द्या. यंत्रं तिथं हलवतो."

"नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. तिथं मी मासे वाळवते. तुझ्या पेट्यांपायी मासे काय डोक्यावर वाळवू? दक्षिणेकडं जा, नल्लकोयाच्या बायकोला विचार. तीही नाहीच म्हणेल. आणि ओले पाय घेऊन ओट्यावर चढू नकोस, आत्ताच सारवलाय."

कुंपणापाशी कासमी तोंडावर हात ठेवून हसत होता. बेटावर येऊन मला अडीच महिने झाले होते आणि त्या अडीच महिन्यांत मला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मी पाय पुसले, ओट्यावर चढलो आणि त्या जागेसाठी त्यांच्याशी तासभर कडाकडा भांडलो. जागा काही मिळाली नाही. घरी परतताना मला इतका आनंद झाला होता, की मी वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलो, "उम्मा मला नाही म्हणाल्या!"